लुगडं नेसून तारेवर

सर्कशीत होतो म्हटलं की जो तो मला वाघाचं विचारतो. अरे, वाघाशी माझा काय संबंध? त्याच्या पिंजऱ्याकडे मी फिरकतसुद्धा नसे. मी तारेवर चालायचो. तेही लुगडं नेसून. हे सांगितलं की नातवंडं खिदळतात. हसा, खुशाल हसा. तेव्हा अख्खं पेडणं हसलं होतं, तुमचं काय घेऊन बसलात!

आमचं घर पेडण्याजवळ, हळर्णच्या बाजूला. बाबा दशावतारात स्त्रीपार्टी करायचे, म्हणजे राण्यांची कामं. दिवसा शेतात नांगर धरणारा माणूस, पण रंगून उभा राहिला की बायकासुद्धा बघत राहायच्या. मला त्यांनीच तयार केलं. अंगणात चालून दाखवायला लावायचे. मान कशी, खांदा कसा, पाऊल केवढं. मी करायचो आणि चांगलं करायचो. पण बाजारात उंडे, म्हणजे पाव, आणायला गेलो की टवाळ पोरं ओरडायची, "काय गे बाये, घोव मेळ्ळो?" मिसरूड फुटलं तरी तेच, नवरा मिळाला का! एक दिवस माझं डोकं फिरलं. बाबांना तोंडावर सांगितलं, आजपासून लुगड्याला हात लावणार नाही.

"मगे माझ्या डोळ्यांफुडे रवू नको," ते म्हणाले.

मीही त्यांचाच मुलगा. निघालो.

गोवा मुक्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. डिचोलीला खाणीवर ट्रक भरायचं काम मिळालं. तिथंच सर्कस आली. तंबू उभारायला माणसं हवी होती म्हणून गेलो, तो त्यांच्याबरोबरच पुढच्या गावाला गेलो. दोर ओढायचे, खुंट ठोकायचे, रिंगण झाडायचं. पण जीव अडकला तो तारेत. केरळची एक मुलगी छत्री घेऊन तारेवरून चालायची. ती चालायला लागली की माझ्या हातातला झाडू थांबायचा. मला ते यायलाच हवं, बस्स, एवढंच डोक्यात. सकाळी सगळे चहाला गेले की दोन खुंटांमध्ये खाली तार बांधून मी चढायचो. किती वेळा आपटलो त्याचा हिशेब नाही. त्या मुलीला दया आली असावी. "पायाकडे बघू नको, समोरच्या खांबाकडे बघ," ती तिच्या मोडक्या हिंदीत सांगायची. पावसाळा सरला तेव्हा मी वरच्या तारेवरून न पडता जात होतो.

मालकाकडे गेलो. तो सांगलीकडचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "चालतोस झकास. पण मिशीवाल्याला तारेवर बघायला कोण तिकीट काढतंय? तारेवर बाईच पाहिजे."

त्याच हंगामात त्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती गावी गेली. भिंतींवर छत्रीवाल्या बाईची चित्रं चिकटवून झालेली, आणि बाई नाही! मालक कपाळाला हात लावून बसला. मी तिथंच उभा होतो. ज्याच्यापायी घर सोडलं तेच परत अंगावर घ्यायचं? भयंकर संताप आला. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. पण तार मला हवी होती. मी मिशी काढली आणि म्हटलं, "लुगडं द्या."

सावंतवाडी झाली, बेळगाव झालं. कुणाला काही कळलं नाही. मी त्या मुलीसारखाच चालायचो, भराभर, छोटी पावलं टाकत.

मग सर्कस पेडण्यात आली. मालकाला माझं गाव माहीत होतं. तो आपणहून म्हणाला, "दोन दिवस आजारी पड. तारेचा खेळ नाही ठेवत." मी म्हटलं, नाही. माझ्याच गावात लपलो तर तार माझी कसली? मग ती त्या लुगड्याचीच.

दुपारचा खेळ. तंबू भरलेला. मोपा, तेरेखोलपासून माणसं आली होती. वर चढलो आणि दिसलं, पुढच्या बाकावर बाबा.

अर्ध्या तारेवर असताना कुणीतरी ओरडलं, "अरे, हो तर दशावताऱ्याचो झील!" झालं, त्यांचा मुलगा म्हणून ओळखलं मला. शिट्ट्या, टाळ्या. "बाये, पडशीत गे!" तंबू नुसता हसत सुटला. तार हलायला लागली. बाबांची मान खाली गेली होती. ते मात्र माझ्याने बघवलं नाही.

मी थांबलो. छत्री मिटली आणि खाली टाकून दिली. म्हटलं, हसता काय? बघा तर मग! मान उचलली, खांदा सोडला आणि बाबांची राणी जशी दरबारात येते तशी चाललो. सावकाश, पाऊल पुरतं टेकवून. तारेवर ती चाल कुणी चालत नाही, पडायला होतं. मी पडलो नाही. पलीकडच्या खांबाला हात लागला तेव्हा एकही माणूस हसत नव्हता. मग जी टाळी पडली!

तंबूच्या मागे आलो, घामानं चिंब. बाबा कनातीशी उभे होते. काय बोलतात म्हणून मी जागीच थांबलो.

"हय ये," ते म्हणाले. "निऱ्यो किती सैल सोडलंस मेल्या! तारेर पायात इल्यो म्हणजे? सांजच्या खेळाक मी नेसवतंय."

ते माझ्यापुढे मातीत गुडघ्यावर बसले आणि एकेक निरी घट्ट चापून बसवू लागले. मला रडू आवरेना.

"हलू नको," ते म्हणाले. मी हात वर धरून उभा राहिलो आणि त्यांना नेसवू दिलं.