बॉनेटकडे बघून बोलणारा

वडीगोद्रीच्या फाट्यावरच्या त्या मेकॅनिकला माणसांशी बोलायची रीतच नाही, हे मी दहा जणांना सांगितलंय. तरी गाडी त्याच्याकडेच नेतो. तो कधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. इंजिनावर कान लावतो आणि आपण काही सांगू लागलो की हात वर करून गप्प बसवतो.

परवा माझी गाडी वेगच घेईना. त्याने ऑइलची पट्टी ओढली, तेल दोन बोटांत चोळलं.

“कोणतं टाकलंय?”

“गाडीचंच,” मी ठणकावलं.

“मंग त्या लिंबाच्या झाडापर्यंत पळून या, सर. तोंड बिलकुल उघडायचं न्हाई.”

मी हायस्कूलचा मुख्याध्यापक! समोरच्या हॉटेलात पोरांचे बाप चहा पीत बसलेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण गाडी त्याच्या ताब्यात, काय करता? पळालो. निम्म्यातच तोंड उघडलं.

“बघा,” तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. “पळताना तोंड उघडावंच लागतं. इंजनाचंबी तसंच. वेग वाढला की हवेचे व्हॉल्व्ह जल्दी उघडायला पायजेत. ती वेळ तेलाच्या दाबावर बदलती. तेल जाड असलं की दाब बराबर पोचत न्हाई. तुमची गाडी तोंड मिटून पळून राह्यली.”

मग पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आता सांगा. कोणतं टाकलंय?”

“घरी उरलेलं... ट्रॅक्टरचं,” मी धापा टाकत म्हणालो.