मरून राहिली

आमच्या दिघोरीत छातीत धडधडलं की त्याचं नाव गॅस. मला बसमध्ये पहिल्यांदा झालं तेव्हाही गॅसच झाला. साकोलीच्या कॉलेजात दुसरं वर्ष होतं माझं. हातपाय गार पडले, श्वास पुरेना, आता जातो जीव असं वाटलं आणि मी मधल्याच फाट्यावर उतरून गेले. उतरताच बरं वाटलं. मग रोजच उतरायला लागले. पुढे तर नुसती बस दिसली तरी मी मागे फिरायचे. सोडा झाला, ओवा झाला, देवळातला अंगारा झाला. शेवटी बाबा म्हणाले, कॉलेज राहू दे, घरीच बस. मायेनंच म्हणाले, पण मला असा संताप आला की त्या रात्री दोन घास जास्तच जेवले. कॉलेज सोडायचं नाही, हे ताटावरच ठरवलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, हे काकूला कुठून कळलं कोण जाणे. काकाच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं गेलो. ती कुठंही थांबवता येते, म्हणून तिची मला भीती नव्हती. डॉक्टर पुण्याकडचे. काय होतं, त्यांनी विचारलं.

"सर, बसमध्ये बसली का मी मरून राहिली."

ते गोंधळले. "मेलात, आणि मग राहिलात?"

काकूला हसू आवरेना. मरते आहे असं म्हणते पोरगी, तिनं समजावलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "तुमचंच बरोबर आहे," म्हणाले. "मरणार असं वाटतं, आणि माणूस राहतो."

हृदय तपासलं, ठणठणीत निघालं. हा गॅस नव्हे, भीतीचा झटका. गोळ्या दिल्या, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत म्हणाले. श्वास हळूहळू सोडायला शिकवलं. झटका चढतो तसा आपोआप उतरतोही, पण तुम्ही त्याच्याआधीच उतरता, मग ते कळणार कसं? तेव्हा बसमधून उतरायचं नाही. आणि काकूनं पाणी, वारा, कांदा, काही द्यायचं नाही. काकूचं तोंड एवढंसं झालं. हुंगवायचा कांदा तिच्या पिशवीत कायमचा असायचा.

गोळ्या लागू पडल्यावर एका सोमवारी आम्ही दोघी बसमध्ये चढलो. काकूनं मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, म्हणजे मला पटकन उठता येऊ नये. चलाख बाई! फाटा जवळ आला तसा झटका आलाच. ओढणी घामानं भिजली. लाज वाटत होती, राग येत होता, आणि भीतीचं तर विचारूच नका. कंडक्टर ओळखीचा. सवयीनं त्याचा हात घंटीच्या दोरीकडे गेला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी काकूचा हात धरला. "काकू, मी मरून राहिली."

दुसऱ्या हातानं तिनं पिशवीचं तोंड आवळून धरलं होतं. समोर पाहतच म्हणाली, "राहिली नं? मंग बस."

मी बसले. कंडक्टरला मानेनंच नको म्हटलं. फाटा मागे गेला, शेतातल्या धानाच्या बांध्या मागे गेल्या, आणि साकोलीच्या अलीकडे कुठेतरी ते चढलेलं सारं खरंच उतरलं. मी न उतरता.

झटके त्यानंतरही आले, अजूनही एखादा येतो. त्या दिवशी साकोलीच्या स्टँडवर मला वाटलं होतं, काकू कॉलेजपर्यंत येईल. तिनं परतीची बस बघितली.

"मले घरी काम हाये," म्हणाली. "संध्याकाळी एकटी येजो."

संध्याकाळी फाट्यावर दोघेचौघे उतरले. मी नाही.