जास्तीचं पेट्रोल

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या बहिणीचं. चौथीनंतर तिनं शाळा सोडली, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापूस वाहिला, म्हणून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातली ती पहिली पदवी. भिलाईला निघालो तेव्हा तिनं एकच बजावलं, "सायबाच्या तोंडी लागू नको. पक्का होईस्तोवर मुका राह्य."

पोलाद कारखाना उभा राहत होता. जवळच्या धावपट्टीवर पाहुण्यांची विमानं उतरत. त्यांत पेट्रोल भरायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि त्याच्याकडे मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर तपासनीस होतो. वैमानिक चिठ्ठीवर आकडा लिहून देई. तो आकडा टँकरवाल्याला वाचून सांगायचा, भरताना उभं राहायचं, मग पंखावर चढून टाकीत मोजपट्टी घालायची आणि पावतीवर सही करायची, एवढं माझं काम.

मे महिन्यातली दुपार होती. भाड्याच्या विमानातून रशियन इंजिनिअर बायकामुलांसह नागपूरला निघाले होते. विमानातला पेट्रोलचा काटा बिघडलेला, म्हणून वैमानिक माझ्या पावतीवर विसंबून होता. त्यानं टाक्या निम्म्याच भरायला सांगितल्या. चिठ्ठी हातात पडते न पडते तोच ठेकेदाराच्या मॅनेजरनं हाक मारली, "अबे ग्रॅज्युएट, पाहुण्यांसाठी बर्फ पाह्य पहिले!"

मी चिठ्ठी टँकरवाल्या काकांच्या हातात कोंबली आणि बर्फाच्या मागे गेलो. काका जवळच्या उतई गावाकडचे, वयानं माझ्या बापाएवढे. त्यांना अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक होतं. चूक तिथंच झाली आणि ती माझी होती. काकांचा जन्म ट्रकच्या टाक्या भरण्यात गेलेला. लांब जाणारी गाडी गळ्यापर्यंत भरून द्यायची, हा त्यांचा रिवाज.

परत आलो तर काका घाम पुसत हसत होते. "पहुना मन अधपेटा जाहीं का, बाबू? फुल भर देंव!" पाहुणे अर्धपोटी कसे जातील, असं त्यांचं म्हणणं.

मी पंखावर चढलो. पेट्रोल काठोकाठ होतं.

मोटारीत जास्तीचं पेट्रोल ही चैन असते. विमानात ते वजन असतं. त्या उन्हात हवा विरळ झालेली, धावपट्टी आखूड, आत माणसं आणि पेट्या खच्चून भरलेल्या. विमान वर उचललं गेलं असतं की नाही, मी सांगू शकत नव्हतो. पण आपण किती वजन घेऊन पळणार आहोत हे वैमानिकालाच माहीत नव्हतं.

मॅनेजर नागपूरचा. त्याला सांगितलं तर तो हसला. "कमी भरलं असतं तं बोंबलला असता. जास्त झालं तं का विमानाले अजीर्ण होते? चिठ्ठीतला आकडा लिही अन् कर सही."

"नाही करत."

"परमनंट व्हायचं हाय ना तुले? कागद माह्याच टेबलावरून जाते."

"जाऊ द्या."

मी सरळ वैमानिकाकडे गेलो आणि टाक्या काठोकाठ भरल्याचं सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पक्का देखा?"

"जी, खुद देखा."

त्यानं लगेच सगळ्यांना खाली उतरवलं. पेट्रोल काढायला दीड तास लागला. रशियन बाया पळसाच्या सावलीत टोप्यांनी वारा घेत बसल्या आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी मॅनेजरनं स्वतः वाटलं. मग विमान उडालं. धावपट्टी संपायच्या बरंच आधी ते वर उचललं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं दोन कागद मागितले. एक, परस्पर वैमानिकाकडे गेल्याबद्दल माफी. दुसरा, चूक काकांची होती असा जबाब, म्हणजे काकांना काढून टाकता येईल. मी तिसराच कागद लिहिला: वाचता न येणाऱ्याच्या हाती मी चिठ्ठी दिली, दोष माझा. यापुढे आकडा मोठ्यानं वाचून दाखवावा, भरणं चालू असताना तपासनिसाला दुसऱ्या कामाला धाडू नये, मोजल्याशिवाय पावती देऊ नये. त्याखाली मात्र मी ठळक सही केली.

त्याच संध्याकाळी बहिणीला पत्र टाकलं.

"ताईस,

तुले राग येईल, म्हणून मीच पहिले सांगतो. तू मुका राह्य म्हणाली होती, मी बोललो. खोट्या आकड्याखाली सही मागितली, ते मी केली नाही. आता माफी लिहून मागून राहिले. तेही लिहिणार नाही. एका म्हाताऱ्याचं नाव पुढं करून मले वाचवतो म्हणतेत, तसं वाचणं मले नको.

नोकरी राहिली तं कळवतो. गेली तं दुसरी शोधीन. अख्खं भिलाई बांधून राहिले, नीट मोजणारा माणूस कुठं तरी लागनच.

तू ओझी वाहिली म्हणून मी शिकलो. पण ते शिक्षण खोट्या सहीसाठी वापर म्हटलं, तं ताई, मी कोणाचंच ऐकणार नाही. तुह्यंसुद्धा नाही.

उत्तर रागाचं असलं तरी धाड.

तुहा भाऊ"