खालाची परात आणि दिब्सचा पाव

"अगो थांब! थांब म्हणत्ये ना! लगेच कुठे घालतेस भट्टीत? मुरू दे जरा त्याला!"

सासूबाईंचा आवाज असा, की राजापूरच्या खाडीच्या अलीकडून त्यांनी हाक मारली तर पलीकडची माणसं भरल्या ताटावरून उठून होडीत बसत. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो मावत नसे. बाल्कनीतून खाली उतरून तो हायवेपर्यंत जाई आणि तिथल्या गाड्यांना ब्रेक मारायला लावी. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं, शुक्रवारची सकाळ. मी कुकिंग रेंजच्या तोंडाशी उकिडवी बसलेली. हातात केकचं भांडं, भांड्यात काळंभोर पीठ आणि पिठावर फसाफसा बुडबुडे.

"आई, हे मुरवायचं नसतं. सोडा घातलाय यात."

"सोडा मीही घालत्ये. तुझा नवरा जन्मला नव्हता तेव्हापासून घालत्ये. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवतो. काकडीच्या धोंडसाचा रवा भिजवून ठेवतो. तुझं पीठ काय आभाळातून पडलंय?"

"ते वेगळं, हे वेगळं. हे थांबलं की मेलं."

"मुरल्यानं कधी काही मेलंय? लोणचं मेलं? मुरांबा मेला?"

तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूशी पहिल्याच शुक्रवारी भांडलं, तर पुढचे शुक्रवार काढायचे कसे? मी भांडं ओट्यावर ठेवलं. सासूबाईंनी त्यावर ताट झाकलं, ताटावर पोळपाट ठेवला आणि समोर स्टूल टाकून राखणीला बसल्या. त्यांचा जप आटोपल्यावर झाकण निघालं, तेव्हा आत एकही बुडबुडा शिल्लक नव्हता. भाजून जे बाहेर आलं त्याला पाव म्हणायचं धाडस मी तरी केलं नाही. सुरी वाकली. आमच्या ह्यांनी तो उचलून पाहिला आणि म्हणाले, "साइटवर नेऊ का? पायाभरणी चाललीच आहे."

आता हा पाव आमच्या घरात शिरला कसा, ते सांगते. वरच्या मजल्यावर एक आयरिश नर्स राहायची. तिने जिन्यात उभ्या उभ्या मला तो सांगितला होता. मैदा, लोणी, अंडी, सुंठ, सोडा आणि भरपूर काकवी. यीस्ट नाही, मळणं नाही, फुगायची वाट बघणं नाही. काकवी आणि सोडा एकमेकांना भेटले की फसफस सुरू होते, आणि ती चालू आहे तोवर भांडं आत गेलं पाहिजे. बास, एवढंच शास्त्र. तिच्याकडे याला झटपट पाव म्हणतात. आमच्याकडे त्याच्यापायी अख्खा महिना गेला.

पण नुसता पाव खायची हौस असती तर मी पहिल्याच विटेनंतर नाद सोडला असता. माझ्या मानेवर परात होती.

खालच्या मजल्यावर एक ओमानी कुटुंब राहायचं. त्यातल्या वडीलधाऱ्या बाईंना सगळी बिल्डिंग खाला, म्हणजे मावशी, म्हणे. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी त्या बिनधास्त बोलत. ईदला त्यांनी आमच्याकडे भात आणि मटण पाठवलं, एका परातीतून. परात कसली, उडती तबकडीच ती! दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून आणली, तरी दाराच्या चौकटीचा रंग घेऊन आत आली. त्यातला भात आम्ही खाल्ला, शेजाऱ्यांनी खाल्ला, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी खाल्ला, तरी मधला डोंगर हलेना. सोबत खालाने खजुराच्या काकवीचा डबाही पाठवला होता. तिला तिथे दिब्स म्हणतात. खालाच्या माहेरच्या बागेतला खजूर होता तो.

परात सिंकमध्ये मावली नाही म्हणून बाथरूममध्ये नेऊन घासली. मग प्रश्न पडला, परत कशी द्यायची? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमची रीत. आणि या परातीत घालायचं तरी काय? त्यात वाटीभर शिरा ठेवला असता तर शोधायला माणूस लावावा लागला असता.

"चिमूटभर साखर घाल आणि देऊन ये," सासूबाई म्हणाल्या. "साखर घातली की भांडं रिकामं राहत नाही."

साखर घातलीही असती. पण तोवर जिन्यात खाला भेटल्या होत्या आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी त्यांना सांगून बसले होते, "खाला, आपके दिब्स का पाव बनाके लाती हूँ. मेरे हाथ का पाव सारे मस्कत में मशहूर है!" मस्कत सोडा, आमच्या मजल्यावरसुद्धा माझा पाव कुणी पाहिला नव्हता. मीही नव्हता. खाला मात्र खुलल्या. "जुम्मा को?" "जुम्मा को, इन्शाल्ला!"

तो जुम्मा विटेचा झाला. पुढच्या जुम्म्याला मी सासूबाई आंघोळीला गेल्याचं पाहून सोडा घातला, भांडं उचललं, आणि बेल वाजली. पलीकडच्या अझैबा भागातलं एक मराठी जोडपं दारात. "इथूनच चाललो होतो, म्हटलं डोकावून जाऊ." शुक्रवारी फोन न करता डोकावणं म्हणजे आमच्या लोकांचा धर्मच! मी भांडं घेऊन तशीच स्वयंपाकघराकडे वळले, तर न्हाणीघराच्या आतून आवाज आला, "पाहुणे दारात आणि तू काय करतेस? आधी पाणी दे त्यांना!" बंद दारातून या बाईला दिसत कसं होतं, देव जाणे. पाणी दिलं. चहा केला. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर त्यांच्या नव्या गाडीच्या गप्पा आल्या. ओट्यावर माझं पीठ शेवटचे आचके देत होतं आणि मी इकडे हसत विचारत होते, "मायलेज किती देते हो?"

शेवटी ते तसंच भाजलं आणि जाताना पाहुण्यांना त्या दुसऱ्या विटेचा अर्धा तुकडा डब्यात घालून दिला. तो डबा आमच्याकडे कधीच परत आला नाही. त्या बाईही बिचाऱ्या त्यात काय घालून द्यावं, या विचारात अडकल्या असणार. अख्ख्या मस्कतमध्ये मराठी घरांतले डबे असेच एकमेकांच्या ओट्यांवर कैद होऊन पडलेले असायचे.

तिकडे परात दाराआड उभी. वारा आला की पडायची, आणि पडली की असा आवाज व्हायचा की आमची मुलगी शाळेच्या अभ्यासावरून उठून इंग्रजीत किंचाळायची. एका दुपारी तो आवाज ऐकून खाला स्वतःच जिना चढून आल्या.

"थाली कैसा है?" त्यांनी आधी परातीची विचारपूस केली. मग म्हणाल्या, "हमारा लड़की का ससुराल आता है खाने को. थाली होना."

आता साधी गोष्ट होती. परात समोर उभी, मालकीण समोर उभी. उचलायची आणि द्यायची. पण रिकामी? आणि तीही एवढ्या बढाईनंतर? माझ्या तोंडून निघालं, "जुम्मा को पक्का, खाला! पाव के साथ!"

खालांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इन्शाल्ला," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्या एका शब्दाचे किती अर्थ होतात ते तोवर मला चांगलं कळू लागलं होतं.

"अगं, तिला गरज आहे परातीची, देऊन टाक ना," हे म्हणाले.

"रिकामी?"

"साखर घाल."

"साखर घाल, साखर घाल! खालाला काय सांगू, मशहूर पाव विरघळला?"

त्या जुम्म्याला पीठ न मुरता आत गेलं. मी रेंजसमोर मांडी ठोकून बसले. काचेतून दिसत होतं, पाव चढत होता. घरभर सुंठ आणि खजुराचा वास सुटला. आणि सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात घालून ओव्हनचं दार सताड उघडलं.

"आई!"

"रंग बघत्ये फक्त. न बघता कसं कळणार?"

पावाने एक सुस्कारा सोडला. मी स्वतःच्या कानांनी ऐकला. मग तो मधोमध खचला, असा की त्या खड्ड्यात माझं आयुष्य मावलं असतं. मी रडले नाही. फक्त रेंजला एक लाथ घातली, आणि मग पायाच्या अंगठ्यासाठी रडले.

पुढच्या जुम्म्याला मी ह्यांना सकाळीच फर्मावलं, आईंना घेऊन कुरुमला जा, समुद्र दाखवा. "परवाच तर बघितला," सासूबाई म्हणाल्या. "तोच आहे ना?" तरी नेलं त्यांना. मी दाराला कडी लावली, बेलची वायर काढली, फोनचा रिसीव्हर बाजूला ठेवला. सोडा पडला आणि भांडं आत गेलं, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. आणि काय सांगू, तो पाव असा वर आला की ओव्हनच्या छताला टेकतो की काय! वर तकतकीत, आत लुसलुशीत, काळा, गोड. मी त्याला हात जोडले.

परात पुन्हा घासली, पुसली, मधोमध पाव ठेवला. वाळवंटात एकटा उंट उभा असावा तसा दिसत होता. डोक्यावर परात घेऊन निघाले, तर जिन्यात सासूबाई समुद्र बघून वर येत होत्या.

"झाला एकदाचा?" त्या म्हणाल्या. "मुरवला असतास तर आणखी फुगला असता." आणि त्या माझ्यामागून परत जिना उतरू लागल्या. त्यांनाही खालाचं तोंड बघायचं होतं.

खालांनी दार उघडलं. आत गालिच्यावर मुलीच्या सासरची मंडळी गोल बसली होती. मध्ये भाताचा डोंगर, आणि डोंगराखाली नवी कोरी परात, माझ्याकडच्या परातीपेक्षा चांगली हातभर मोठी. कडेला दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.

खालांनी पावाचा तुकडा मोडला, खाल्ला, मान डोलावली. मग अख्खा पाव दोन्ही हातांनी उचलून आत दिला. रिकामी परात मी तशीच धरून उभी होते. मागे सासूबाई, माझ्या खांद्यावरून डोकावत.

"और यह, खाला?" मी परात पुढे केली.

"यह तुम रखो," खाला म्हणाल्या. "हमने दूसरा ले लिया."