काकांनी मागितलेले दहा दिवस

समोरच्या क्वार्टरातल्या काकांइतकी उघड्या भांड्याची धास्ती घेतलेला माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा झाला नसेल. दूध, वरण, घासलेट, शाईची दौत, जे जे ओलं ते झाकलेलंच पाहिजे. एका लग्नात अत्तराची कुपी उघडी दिसली, तर मंगलाष्टकं चालू असताना उठून त्यांनी तिला बूच लावलं आणि नवरदेवाच्या मामाला दटावलं, "उडून राहिलं ना ते!" काकू म्हणायच्या, "यांचं तोंड तेवढं कधी झाकलेलं नसते."

लष्करी कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ. एखाद्या द्रवाच्या वाफेचा दाब किती, म्हणजे ते किती उडतं आणि वापरायला कितपत धोक्याचं, हे मोजणं त्यांचं काम. ते ज्या निगुतीनं करायचे ते पाहून मी हताश व्हायचो. द्रवात विरलेली हवा आधी काढायची, नाहीतर दाबमापकातला पारा त्या हवेचाही दाब दाखवतो. म्हणून द्रवाची नळी बर्फात गार करायची, पंपानं हवा ओढायची, आणि हे पुन्हा पुन्हा. मग पाच-पाच अंशांनी तापवत प्रत्येक वेळी पारा स्थिर होईपर्यंत बसून राहायचं. बर्फ ते स्वतः गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणत. वाटेत कोणी हाक मारली तर न थांबता ओरडत, "आता नाही, वितळून राहिला!"

पाकिस्तानशी चाललेली लढाई थांबली होती, पण कारखान्यातली घाई थांबली नव्हती. मे महिन्यात रंगखात्याच्या शेडमध्ये सुटे भाग पुसायला नवं द्रावण आलं. काकांनी पूर्ण मोजणीला दहा दिवस मागितले. कारखान्याच्या साहेबांना आकडा दुसऱ्या दिवशी हवा होता. "फौज का काम है, पंडितजी, और आप दस दिन माँग रहे हैं?"

काकांनी पंचवीस अंशांवरचा आकडा दिला आणि खाली लिहिलं, 'तापलेल्या शेडसाठी हा आकडा धरू नये.' मला म्हणाले, "त्या पत्र्याखाली पंचेचाळीस होते रे. तिथं हे दुपटीनं उडते. खिडक्यांवर ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच. वाफ जाईन कुठं? काहून कोणाला समजत नाही?"

साहेबांनी खालची ओळ गाळून कागद नव्यानं टाइप करून घेतला. काकांनी सही केली नाही. मग तो माझ्यापुढं आला. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी सही केली.

आठवडाभरात, भर दुपारी, पंख्याच्या बटणाची ठिणगी पडली आणि शेडनं पेट घेतला. जवळच्या पाटन गावाहून रोज येणारा एक वयस्क रंगारी त्यात गेला. चौकशीत ठरलं की त्यानं विडी पेटवली होती. त्यानं जन्मात विडी ओढली नव्हती. काका आपला मूळ कागद घेऊन चौकशीला गेले. तो कोणी हातातही घेतला नाही. माझी सही असलेला कागद चौकशीवाल्यांकडे होताच.

उरलेली मोजणी काकांनी पूर्ण केली, आलेख काढला, वर पाठवला. 'नोंद घेतली' असा शेरा मारून तो परत आला. काका खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर त्यांच्या चहावर बशी नव्हती.

पुढच्या रविवारी ते दारात येऊन म्हणाले, "चल. पाटनला जाऊन येऊ."

रंगाऱ्याच्या बायकोनं आम्हाला ओसरीत बसवलं. काकांनी आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "बाई, आपके आदमी ने विडी नहीं पेटाई. वहाँ हवा में आग पहले से भरी थी. गलती हमारी थी."

'हमारी' म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती म्हणाली, "लिख दोगे भैया? लड़की की ससुराल वाले ताना देते हैं."

काकांनी मांडीवर वही ठेवून सगळं सावकाश लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या सहीसाठी मी पेन मागायला हवं होतं. तिनं दिलेलं पाणी मी पीत राहिलो.

परतीच्या बसमध्ये त्यांना डुलकी लागली आणि मान माझ्या खांद्यावर कलली. इतका हट्टी माणूस, पण डोकं अगदी हलकं लागलं. जबलपूर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. तेवढंच मला जमलं.