बाबांनी झाडलेली शेवटची गोळी

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये डबे भरत होते. फोन प्रशांतला आला होता, माझ्या नवऱ्याला, त्याच्या गावाहून, नावड्याहून. त्याने "कधी?" एवढंच विचारलं आणि मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "बाबा गेले. शेतावर, बांधाला टेकून बसलेले सापडले. वालाच्या शेंगा तोडायला आलेल्या बाईने पाहिलं." मग माझ्याकडे न बघता, "रायफल मांडीवर होती. त्यातली एक गोळी उडालेली आहे." खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात दोनच प्रश्न आले, आणि दोन्ही भयंकर होते. त्यांनी स्वतःला काही केलं का? आणि नसेल केलं, तर गोळी कोणावर झाडली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मिळालं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. शवविच्छेदनात हृदयविकाराचा झटका निघाला. पोलिसांनी पंचनामा केला, रायफल आणि रिकामी पुंगळी ताब्यात घेतली, परवाना तपासला, आणि रानडुकरावर झाडलेली गोळी हुकली असावी असं धरून विषय संपवला. पण गावात तो संपला नाही. स्मशानातून परतताना पुढे चालणारे दोघे बाबांबद्दल बोलत होते, "काशिनाथचा बार हुकला? कधी हुकलाय आजवर?" दुसऱ्याने मागे वळून नामदेवकाकांकडे पाहिलं. नामदेवकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते सगळ्यांच्या मागून लंगडत येत होते. बाथरूममध्ये पाय घसरला असं त्यांनी सकाळी सांगितलं होतं.

बाबा हा जात्याच संशयी माणूस. मी कऱ्हाडकडची, म्हणजे त्यांच्या भाषेत घाटावरची. प्रशांतने माझ्याशी लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला नावड्याला बोलावून घेतलं. ओटीवर समोरासमोर बसवलं आणि माझ्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल एक शब्द न विचारता म्हणाले, "तुमच्याकडं ऊस. मंग डुकरा येत असतील. काय करतात बापूस?" मी म्हटलं, "डबे वाजवतात. फटाके लावतात." "मारत नाय?" "बंदूक नाहीये आमच्याकडे. काही लोक खाण्यात बॉम्ब ठेवतात, जबडा फुटतो डुकराचा. माझे वडील नाही ठेवत." ते आतल्या बाजूला तोंड करून सासूबाईंना म्हणाले, "चा टाक." तेव्हा सासूबाई होत्या. त्यांनी मला नंतर हसत सांगितलं की चहा मिळणं म्हणजे पास होणं होतं. तरी पुढे वर्षभर ते माझ्याकडे पाण्याचा तांब्या मागायचे आणि प्यायच्या आधी त्यात डोकावून बघायचे... मी ऑडिटच्या खात्यात काम करते हे कळल्यावर मात्र गाडी रुळावर आली. "म्हनजे तुजा काम पन संशयाचाच!" असं म्हणून ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

त्यांची नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात झाली, फिटर म्हणून. पण विचाराल तर ते स्वतःला शेतकरीच म्हणायचे. वडिलांची बरीचशी जमीन कधीच शहरात गेली होती. डोंगराच्या पायथ्याचा एक तुकडा तेवढा राहिला होता, दोघा भावांच्या नावावर. त्यात पावसाळ्यात भात, त्यानंतर वाल. आणि वडिलांकडूनच आलेली रायफल, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. या रायफलीबद्दल कोणी कौतुकाने बोललं की ते चिडायचे. ती त्यांच्या लेखी कुदळीसारखी वस्तू होती, फक्त जास्त धोक्याची. नुकसान झालं की आधी वनखात्याकडे अर्ज करायचा, परवानगी आली की मगच डुक्कर मारायचं, आणि मारलेलं डुक्कर वनरक्षकासमोर खड्ड्यात पुरायचं. या शेवटच्या गोष्टीवरून गावातल्या लोकांनी त्यांच्याशी भांडणं केली. एवढं मटण मातीत घालतो हा माणूस! एकदा पुरलेल्या जागेवर ते तीन दगड विशिष्ट पद्धतीने मांडून आले आणि दुसऱ्या दिवशी दगड हललेत का ते बघायला मला घेऊन गेले. दगड हलले होते. त्यांना राग आला नाही, उलट समाधान वाटलेलं दिसलं. "बघ," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर हाक्याला, म्हणजे डुकरं उठवायला, एकदाच गेले. थंडीतली सकाळ होती. गावातली माणसं डोंगराकडून डबे वाजवत, ओरडत खाली येत होती आणि बाबा ओढ्याच्या अलीकडे एका दगडाआड बसले होते. मी त्यांच्या पाठीमागे. समोरची करवंदीची जाळी जोरात हलली. वरून सगळे ओरडायला लागले, "टाका, काशिनाथकाका, बार टाका!" नामदेवकाका तर आमच्या बाजूलाच होते, तेही ओरडले, "दादा, टाक ना!" बाबांनी रायफल खांद्याला लावली... आणि तशीच धरून ठेवली. जाळी पुन्हा हलली. बाबा हलले नाहीत. आणि जाळीतून बाहेर आला तो ट्रॅकसूट घातलेला एक माणूस! नव्या टॉवरमधला, कानात इअरफोन, सकाळचा फिरायला निघालेला. वाट चुकून झाडीत शिरला होता आणि एवढा आरडाओरडा त्याला ऐकूच आला नव्हता. समोर रायफल बघून तो मटकन खाली बसला. बाबांनी आधी रायफल रिकामी केली, मग त्याला हाताला धरून उठवलं, आणि मग त्याला अशा काही शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. परतताना मला म्हणाले, "झारी हालली म्हनजे डुक्करच हाय असा नाय. पुरता दिसला पायजे. तवर संशय धरायचा." मी विचारलं, "आणि माणूस पुरता कधी दिसतो?" ते चालत राहिले.

गेल्या दोन वर्षांत त्यांच्या संशयाला एक वेगळंच काम लागलं. जमिनीला बिल्डरकडून मागणी आली होती. नामदेवकाकांना विकायची होती आणि बाबांची सही मिळत नव्हती. त्याच सुमारास डुकरांचा त्रास एकाएकी वाढला. वालाचे वाफे उकरून टाकलेले, वेल उपटलेले. गावात सगळे म्हणायला लागले, आता या डोंगराखाली शेती होणं नाही. बाबांनी शेताला तारेचं कुंपण घातलं, तरी डुकरं आतच. परवानगी हातात असूनही त्या हंगामात बाबांनी एकही डुक्कर मारलं नाही, याचं मला आश्चर्य वाटायचं. एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले आणि जेवण झाल्यावर खिशातून तारेचा वीतभर तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. "काय दिसतंय?" तारेचं टोक सपाट होतं, चकचकीत. "कापलीय," मी म्हटलं. "डुक्कर तार कापत नाय. खालून उकरून घुसतो. मुसंडी मारली तर तार तानते, वाकते." मी विचारलं, "कोणी कापली?" त्यांनी तुकडा परत खिशात टाकला. "पुरता दिसला नाय अजून." प्रशांतच्या मनात लगेच काकांचं नाव आलं, माझ्याही. पण आम्ही ते बोललो नाही आणि बाबांनी तर नाहीच नाही. ते फक्त पहाटे उठून शेतावर जायला लागले.

आता कळलं असेल की ती उडालेली गोळी आम्हाला का झोपू देत नव्हती. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. एकदा चहा घेताना प्रशांत म्हणाला, "बाबा काकांवर गोळी झाडतील?" मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, "नक्की?" आणि मला दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेतला त्याच्यावरच आता आम्ही संशय घेत होतो, आणि तो उत्तर द्यायला नव्हता.

महिनाभराने आम्ही घर आवरायला नावड्याला गेलो. नामदेवकाका शेजारच्याच घरात राहतात. ते किल्ली घेऊन आले आणि ओटीवर बसले. अजूनही पाय जपून टाकत होते. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "काका, पाय दाखवा."

"कशाला? बरा हाय आता."

"दाखवा."

प्रशांत आतून बाहेर आला. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर वीतभर लांब, खालून वर गेलेली जखम होती, टाक्यांच्या खुणा असलेली. बाथरूमच्या लादीने असं होत नाही. माझ्या माहेरी मी अशी जखम पाहिली आहे. ती डुकराच्या सुळ्याचीच असते.

"मीच कापत होतो तार," काका म्हणाले. "दादाला ठावं होता. त्या दिवशी तो बांधामागं बसलाय ते मना म्हाईत नव्हता. मी तार तोरली नि मागं बघतो तं आत डुक्कर. भला मोठा नर, एकटाच. त्याची भाईर जायची वाट तीच, नि मी तिच्यात उभा. तो सुटला तो सरळ माझ्यावर. दादा उठला. त्याला डुकरावर टाकता येत नव्हता, मागं मी होतो... त्यानं डुकराच्या तोंडापुढं, समोरच्या बांधात बार टाकला. मातीचा फवारा उडाला. डुक्कर वळला, जाता जाता सुळा लागला मना. नायतर पोटच फारला असता."

"मग?" प्रशांतने विचारलं.

"मंग दादा खाली बसला, बांधाला टेकून. मी हाक मारली. तो बोलला, 'जा. रगत चाललाय, टाके घाल.' माझ्याकडं बघला पन नाय. मना वाटला, रागानं बसलाय... मी गेलो."

काका पँट खाली करत होते. प्रशांत म्हणाला, "एक फोन केला असता काका. एक." काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

आम्ही तिघे तसेच शेतावर गेलो. काकांनी जागा दाखवली. बाबा कुठे बसले होते, डुक्कर कुठून आलं, ते स्वतः कुठे उभे होते. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. समोरच्या बांधाच्या कडेला उकिडवी बसून हाताने गवत बाजूला करत गेले. गुडघ्याच्याही खालच्या उंचीवर, काका उभे होते तिथून बऱ्याच अलीकडे, मातीत बोट जाईल एवढं भोक होतं. प्रशांतने कोयत्याच्या टोकाने आजूबाजूची माती सोडवली. आत, हातभर खोल, चेपलेली गोळी सापडली. त्याने ती तळहातावर घेतली आणि तिथेच, वालाच्या वाळलेल्या वेलांत, खाली बसून लहान मुलासारखा रडला. बाप गेल्यावर तो प्रथमच रडत होता. बाबांचा बार हुकला नव्हता. तो जिथे जायला हवा होता नेमका तिथेच गेला होता.

गोळी प्रशांतने पोलीस ठाण्यात नेऊन दिली, काकांनीही तिथे जाऊन सगळं सांगितलं. प्रकरण पुढे वाढलं नाही. पण माझ्यापुरतं ते अर्धंच मिटलं आहे. गोळीचं खरं बांधाने सांगितलं. त्यानंतरचं, ते 'जा' म्हणणं, ते कोणी ऐकलं? बाबा खरंच तसं म्हणाले, की काका नुसतेच पळाले आणि नंतर त्यांनी स्वतःसाठी तो शब्द तयार केला? बाबांच्या स्वभावात 'जा' म्हणणं बसतं. आणि काकांच्या स्वभावात पळणंही बसतं. सांगणारं तिसरं कोणी तिथे नव्हतं... होतं ते डोंगरात निघून गेलं.

गेल्या रविवारी काकांनी स्वतःहून नव्या तारेचं वेटोळं आणलं. "आता ईकायची नाय," म्हणाले. "दादाची हाय, राहूदे." ते आणि प्रशांत दिवसभर कुंपण बांधत होते, एकमेकांशी कामापुरतं बोलत. ऊन उतरल्यावर काकांनी हात झटकले, "झाला." प्रशांत पाणी प्यायला बसला. मी उठले आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली. प्रत्येक गाठ हाताने ओढून बघत, तारेच्या टोकावरून अंगठा फिरवत. बाबा असंच करायचे, स्वतः बांधलेल्या कुंपणालाही. काका बघत उभे होते. मी मागे वळून पाहिलं नाही, शेवटच्या खांबापर्यंत गेले.