तिच्या नावाची चिठ्ठी

मी चौथी शिकलेला. लिहिणं आडवंतिडवं होईल, त्याला इलाज नाय.

टीव्हीवर शिकलेली माणसं सांगतात, मुंबईतला कोकणी मतदार यंदा इकडे झुकला, तिकडे झुकला. मी मुंबईत एकतीस वर्षं कापडाच्या गोदामात गठ्ठे बांधले. राहायचो गावानं मिळून घेतलेल्या खोलीत, एकाच वाडीची चौदा माणसं. आमच्यातला कोणी कधी झुकला नाय. आम्हाला वाकवलेलं असायचं.

मतदानाच्या आदल्या रविवारी आमच्या गावच्या मंडळाचा अध्यक्ष खोलीवर यायचा. ग्रामदेवतेच्या फोटोपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, बा देवा, तुझी लेकरं यंदा अमक्या चिन्हामागे एक राहतील. आम्ही हात जोडून म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" संपलं. चौदा मतं एका चिन्हाला. शेजारच्या खोलीत दुसऱ्या तालुक्याची माणसं, त्यांचा नारळ दुसरा, चिन्ह दुसरं. चाळीत कुठल्या दाराआड कुठलं मत, हे पोस्टमननंसुद्धा सांगितलं असतं. देवापुढे होय म्हटल्यावर फिरायची छाती कोणाची? माझी तर नव्हतीच.

गावातही तेच, फक्त सहाणेवर. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चौथरा. गावकार, म्हणजे वाडीचा मानकरी, नारळ ठेवणार, पुरुष होय म्हणणार. बायका मागे कुंपणाशी उभ्या. त्यांना कोण विचारतो?

त्यांच्यात माझी बायको असायची. ती लांज्याला काजूच्या कारखान्यात जायची. काजूच्या तेलानं बोटं इतकी काळी, की मतदानाची शाई त्यांवर दिसायची नाय. एकदा मी सुट्टीवर आलो होतो. ती मत देऊन आली आणि हात धुवायला लागली. मी सहज विचारलं, "दिलंस ना वाडीच्या चिन्हाला?"

"नाय."

"अगो, देवाला होय म्हटलंय!"

"तुम्ही म्हटलंत. मी कुठे होय म्हटलं?"

आणि भाकऱ्या थापायला बसली. कोणाला दिलं ते मरेपर्यंत सांगितलं नाय.

गोदाम सुटलं तसा मी गावी आलो, मतदार यादीतलं नावही इथं आणलं. गेल्या वर्षी गणपती गेले आणि आठव्या दिवशी ती गेली. मतदार यादीतून तिचं नाव कमी करायचा अर्ज घेऊन अंगणवाडीची बाई तीनदा आली. तिन्ही वेळा मी तिला परत पाठवली. रेशनकार्डावरचं नाव खोडलं होतं, बँकेतलं गेलं होतं. एका यादीत तरी राहू दे, म्हटलं. चूक माझीच.

कारण मतदान आलं आणि गावकार माझ्या पडवीत येऊन पान जुळवत बसला.

"दादा, तुमच्या घरची दोन मतं धरलीत."

"एक धर. माणूस एकच उरलंय."

"यादीत दोघं हायत. वयनीचं वाया कशाला घालवायचं? आमची नवी सून टाकील. तिचं नाव अजून माहेरीच हाय. वयनीच्या नावाची मतदानाची चिठ्ठी मी ठेवलीय. आत ओळख द्यायला आपलाच माणूस बसलाय."

"जिवंतपणी तिनं तुझं ऐकलं नाय. आता ऐकेल?"

"मेलेलं माणूस काय तक्रार करायला येतंय?"

"मी येतोय."

सहाणेवर नारळ ठेवला तेव्हा मी मागे बायकांत जाऊन उभा राहिलो. "दादा, आता लुगडंच नेसा!" असं म्हणून लोक हसले. हसू देत. मी होय म्हटलं नाय.

मतदानाला सकाळी सातला शाळेत गेलो. आतल्या मतदान अधिकारी बाईंना सांगितलं, या नावाची मालकीण वारलीय, कोणी आलं तर मला हाक मारा. मग दाराजवळच्या पायरीवर बसलो. आत प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचतात. दुसऱ्या कोणी बाईनं समोर उभं राहायचं आणि नाव माझ्या बायकोचं वाचायचं, ते मी ऐकून घेणार नव्हतो.

पोलीस म्हणाला, "आजोबा, मत द्या आणि घरी जा."

"द्यायचंय. विचार करतोय."

"सकाळपासून?"

"एकतीस वर्षांचा साठलाय."

दुपारी उन्हात गावकाराची सून आली. पोरगी विशीची, पदर घट्ट धरलेला. मला बघून थबकली. मी हात पुढे केला. काही बोलायच्या आत तिनं चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली.

"मामंजींना काय सांगू?"

"सांग, म्हातारा आडवा आला."

बिचारी जवळजवळ धावतच गेली.

सहाला थोडा वेळ राहिला तेव्हा मी उठलो. यंत्रासमोर पहिल्यांदा एकटा उभा राहिलो. वरपासून खालपर्यंत सगळी चिन्हं वाचली. इतकी असतात हे ठाऊकच नव्हतं. एक बटण दाबलं.

फाटकाशी गावकार उभा होता, तोंड लाल. "देवाला काय तोंड दाखवाल? सगळ्या वाडीनं होय म्हटलंय!"

"मी कुठे होय म्हटलं?"

कोणाला दिलं ते त्याला सांगितलं नाय. इथंही लिहिणार नाय.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईला मीच बोलावली. अर्ज भरला, पेटीतला मृत्यूचा दाखला जोडला. खाली सही केली. आता तिचं नाव कुठल्याच यादीत नाय. कोणाच्या हाती लागायचंही नाय.